उत्तर आल्यावर अंतरा

सर पत्राच्या वर तारीख लिहीत नसत. भाजी लिहीत.

उजव्या कोपऱ्यात, जिथे लोक गाव आणि तारीख टाकतात, तिथे 'आज मेथी' किंवा 'आज दोडका, तिखट जास्त' असं लिहायचं आणि मग खाली मजकूर. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाच्या कामाला लागले तेव्हा मला वाटलं, वयामुळे होत असेल. पण ते तरुणपणापासून तसंच लिहीत होते. "तारीख पोस्टवाले शिक्क्यात मारतात," ते म्हणायचे. "तेच आपण कशाला पुन्हा लिहायचं? भाजी पोस्टाला माहीत नसते."

पोस्टकार्ड उघडंच असतं, त्यामुळे पोस्टाला भाजीही माहीत असायची. आमचे पोस्टमनदादा जिन्यातूनच विचारायचे, "काय बाई, कालचं कारलं संपलं का?" मी लाजून आत जायची. सर आतून ओरडायचे, "संपलं! आज पालक आहे, कोणाला सांगू नका."

सर कॉलेजात गाणं शिकवायचे. मी गेले तेव्हा रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. नाशिक रोडला एका कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. लग्न केलेलं नव्हतं. अंबडला कंपनीत असलेले एक पुतणे होते, ते रविवारी येऊन जायचे. सर बंदिशी रचायचे आणि त्या पत्रातून शिष्यांना पाठवायचे. सटाणा, धुळे, नागपूर, इंदूर, कुठे कुठे त्यांचे शिष्य होते.

बंदिशीचे दोन भाग असतात, हे मला तिथेच कळलं. पहिला भाग म्हणजे स्थायी. ती खाली खाली फिरते, पुन्हा पुन्हा येते. दुसरा अंतरा. तो वर चढतो आणि मग खाली स्थायीला येऊन मिळतो. दोन्ही मिळून गाणं पुरं होतं. सर पत्रात फक्त स्थायी पाठवायचे. शिष्याने ती गायची, त्यात काय सापडलं ते लिहून कळवायचं, मग सर अंतरा पाठवणार. उत्तर आलं नाही तर अंतरा नाही.

अंतरा मात्र ते स्थायीबरोबरच लिहून ठेवायचे. पाकिटात घालायचे, वर पत्ता लिहायचे, तिकीट चिकटवायचे. फक्त पाकिटाचं तोंड उघडं ठेवायचं आणि पाकीट पत्र्याच्या पेटीत टाकायचं. उत्तर आलं की पेटीतून काढायचं, चिकटवायचं, पोस्टाच्या डब्यात टाकायचं.

ती पेटी आता माझ्या घरी कॉटखाली आहे. सर गेले तेव्हा तिच्यात चाळीसएक पाकिटं होती. तिच्यावरून जे झालं, आणि मी जे केलं ते बरोबर की चूक, हे कोणापुढे बोलायला मला जमणार नाही. म्हणून ही वही घेतली. ही कोणी वाचायची नाही.

मी सुरगाण्याकडची. शाळा चौथीपर्यंत. पाचवीची शाळा लांब होती, आणि भात निघाला की आमच्या घरचे सगळे जीपमध्ये बसून खाली द्राक्षाच्या कामाला यायचे, त्यात माझं राहून गेलं. लग्नानंतर नाशिकला आले. मालकांना अंबडला एका कंपनीच्या गेटवर नोकरी मिळाली. मी कॉलनीत पोळ्या करू लागले. माझं तोंड कधीच फार उघडत नसे. चार माणसांत माझा घसा बंद होतो, आजही होतो.

सरांनी कामाला घेताना मला स्वयंपाकाचं काही विचारलं नाही. एक पाकीट हातात दिलं. म्हणाले, "पत्ता वाचा."

मी हळूहळू वाचला.

"मोठ्याने वाचा. मला ऐकू येतंय, पण त्या पाकिटाला येत नाही."

मी आणखी थोडं मोठ्याने वाचलं. ते म्हणाले, "ठीक. आधीच्या बाईंनी माझं एक पोस्टकार्ड भाजीच्या देठांबरोबर टाकलं. तुम्हाला अक्षर ओळखता येतं, म्हणजे तुम्ही टाकणार नाही. उद्यापासून या."

सर सगळ्यांना अहोजाहो करायचे. मला 'बाई' म्हणायचे आणि तुम्ही म्हणायचे. गॅलरीत येणाऱ्या मांजरीलाही म्हणायचे, "अहो, दूध झाकलेलं आहे, तुम्ही उद्या या." कोणी काही विचारलं की मी मान हलवायची. त्यावर ते चिडायचे. पेटीपुढे, म्हणजे हार्मोनियमपुढे, भिंतीकडे तोंड करून बसलेले असायचे. "बाई, मी पाठमोरा आहे. तुमची मान मला ऐकू येत नाही."

पुतण्यासाहेबांनी त्यांना मोबाईल आणून दिला होता. तो गव्हाच्या डब्यात झाकण लावून ठेवलेला असायचा. रविवारी साहेब यायचे आणि विचारायचे, "काका, फोन का उचलत नाही?" सर म्हणायचे, "फोनवर माणूस विचार करायच्या आधी बोलतो. पत्रात पेन चार वेळा उचलावं लागतं. तेवढ्यात थोडं शहाणपण येतं."

आणि आलेल्या पत्राला उत्तर त्याच दिवशी. ताप असला तरी. "शिळी भाकरी चालते," म्हणायचे, "शिळं उत्तर चालत नाही."

बंदिश रचताना त्यांना हाताला काम लागायचं. लसूण सोलायची, मेथी निवडायची, आणि तोंडाने एकच ओळ घोळवत बसायची. अडलं की मला हाक मारायचे, "आणखी द्या." एका थंडीत त्यांनी स्वतः जाऊन पाच किलो मटार आणले, कारण मोठी बंदिश डोक्यात होती. सगळे सोलून झाले तरी बंदिश होईना. मग आम्ही आठवडाभर मटार खाल्ले. त्या आठवड्यात जेवढी पत्रं गेली त्या सगळ्यांवर 'आज मटार'. सटाण्याच्या एका शिक्षिकेचं उत्तर आलं. वर कोपऱ्यात 'आज पिठलं', खाली पहिलीच ओळ, 'सर, मटार संपले का? आईने विचारलंय.' सर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

त्यांच्या बंदिशींचे शब्द मराठीत असायचे. कॉलेजातले लोक त्यावरून हसत, असं ते स्वतःच सांगायचे. बंदिश म्हणजे ब्रज भाषा, असं सगळे धरून चालतात. सर म्हणायचे, "ब्रज भाषेत मला कोणी भाजी विकत नाही. ज्या भाषेत घासाघीस करतो त्याच भाषेत गाणार."

मग त्यांचा हात कापायला लागला.

सुरुवातीला चहा सांडायचा. नंतर अक्षर बिघडलं. एक दिवस पोस्टमनदादा वर आले आणि काही न बोलता एक पोस्टकार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. सरांचंच होतं. पत्ता वाचता आला नाही म्हणून परत आलं होतं. दादा म्हणाले, "सर, मी खूप सांगितलं त्यांना, की मला वाचता येतं. पण पुढच्या गावाला येत नाही ना."

सर त्या दिवशी पेटीला बसले नाहीत. दुपारी मला हाक मारली आणि पेन पुढे केलं. मी हात मागे घेतला.

"माझं अक्षर चौथीतलं आहे," मी म्हटलं. त्यांच्याशी बोललेलं ते माझं पहिलं लांब वाक्य असेल.

"गोल आहे का?"

"गोल आहे."

"मग झालं. गोल अक्षर घरंगळत जातं, कुठेही पोचतं."

तेव्हापासून पत्रं मी लिहायला लागले. मजकूर ते सांगायचे. पण सुरांची लिपी सांगून लिहिता येत नाही. ती ते स्वतः मोठ्या कागदावर पेन्सिलीने कशीबशी काढायचे आणि मी ती चांगल्या कागदावर उतरवून घ्यायची. सा रे ग म, खाली शब्द, मध्ये उभ्या रेघा. मला ते आवडायला लागलं. रांगोळीसारखं वाटायचं.

त्यातच मी ती चूक केली.

सरांच्या कागदावर काही अक्षरांच्या खाली आडव्या रेघा असायच्या. वाकड्या, कुठे लांब, कुठे तुटक. मला वाटलं हात कापतो म्हणून पेन्सिल घसरते. मनाला फार लागलं. एवढा मोठा माणूस, त्याचा कापरा हात परगावच्या लोकांनी कशाला बघायचा? मी एकही रेघ घेतली नाही. स्वच्छ लिहून पाठवलं. कोणाला काही बोलले नाही, मनात मात्र बरं वाटत होतं.

आठ दिवसांनी सटाण्याच्या त्या शिक्षिकेचं पत्र आलं. सरांनी वाचलं, मग मला वाचायला दिलं. तिने लिहिलं होतं, 'सर, स्थायी रोज गाते आहे. पण एक विचारू का? शब्दांत दिवेलागण आहे आणि गंधार शुद्ध घेतला की भर दुपार होते. हे तुम्ही मुद्दाम केलंय का?'

सर म्हणाले, "माझा पेन्सिलीचा कागद आणा."

मी आणला. त्यांनी बोट ठेवलं. "ही रेघ. कुठे गेली?"

मी खाली बघत राहिले.

"बाई, मी विचारतोय."

"तुमचा हात..." मी म्हटलं.

"कापतो. पुढे?"

"लोकांना दिसू नये असं वाटलं."

त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. मग म्हणाले, "ह्या रेघेचा अर्थ, हा सूर कोमल घ्या, थोडा खाली. तुम्ही माझा हात झाकायला गेलात आणि त्या गाण्यातली संध्याकाळ झाकून टाकलीत." आवाज चढलेला नव्हता. "चूक झाली त्याचं मला काही नाही. पण शंका आली तेव्हा विचारलं का नाही? आली होती ना शंका?"

आली होती. एकदा वाटलं होतं, की हात कापतो तर रेघ दर वेळी त्याच अक्षराखाली कशी? पण विचारायचं म्हणजे बोलायचं, आणि मी बोलत नव्हते.

"न विचारणं म्हणजे सभ्यपणा, असं तुम्हाला कोणी शिकवलं असेल तर ते विसरा," सर म्हणाले. मग मला पेटीपुढे बसवलं. माझं बोट धरून आधी पांढरी पट्टी दाबायला लावली, मग तिच्या शेजारची काळी. "ही दुपार. ही संध्याकाळ. परत दाबा." मी दाबत राहिले. पोळ्या राहिल्या. चार-पाच दिवसांनी मला डोळे मिटून ओळखता यायला लागलं. गाता अजूनही येत नाही, पण दुपार आणि संध्याकाळ कळते.

त्या शिक्षिकेला अंतरा तिचं पत्र आलं त्याच दिवशी गेला. सर म्हणाले, "बिचारीने माझ्या चुकीच्या कागदाला बरोबर प्रश्न विचारला. तिला नाही द्यायचा तर कोणाला?"

उत्तर कसं तपासायचं हे मला तेव्हाच कळलं. पत्रात नुसतं कौतुक असलं, 'सर, काय बंदिश आहे, वा, धन्य झालो', तर सर कार्डावर दोनच शब्द सांगायचे, 'आणखी गा.' पत्रात प्रश्न असला की अंतरा. प्रश्न वेडा असला तरी चालायचा. "गायल्याशिवाय प्रश्न पडत नाही," ते म्हणायचे. "कौतुक न गाताही करता येतं."

आता बुवांबद्दल लिहिते. हे सरांचे फार जुने शिष्य. आज मोठे गवई आहेत, नावाच्या आधी पंडित लावतात. मी वहीत नुसतं बुवा म्हणते. तीस वर्षांपूर्वी ते होस्टेलला असताना सरांनी त्यांना एक स्थायी पाठवली होती. पुराचं पाणी ओसरल्यावर घाटावर जी शांतता असते, तिच्यावर. शब्द असे:

पूल ओला, नदी उतरली,
पायरीवर कुणाचे पाऊल

'पाऊल' म्हटलं की पुढे सरांनी चार मात्रा मोकळ्या सोडल्या होत्या. काही गायचं नाही. चार मात्रा गप्प राहायचं आणि मग पुन्हा पुलापासून सुरू करायचं.

बुवांनी उत्तर पाठवलं नाही. स्थायी मात्र त्यांच्या गळ्यात बसली आणि लोकांना आवडली. त्यांनी तिला स्वतःचा अंतरा केला आणि तीच गाऊन नाव मिळवलं. एकदा रेडिओवर लागली होती. सर ऐकत होते, मी भांडी विसळत होते. 'पाऊल' नंतर बुवांनी अशी तान घेतली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंतरा सुरू व्हायच्या आधी सरांनी रेडिओ बंद केला. "इथपर्यंत माझं," म्हणाले. "पुढचं त्यांचं. चांगलंच असेल. पण मला पत्र आलेलं नाही."

रागावलेले दिसत नव्हते. वाट बघत असल्यासारखे दिसत होते.

शेवटच्या उन्हाळ्यात सर पेटीतली पाकिटं काढून बघायचे आणि पुन्हा ठेवायचे. एकदा मी शेजारी बसून कोथिंबीर निवडत होते. मला धीर झाला आणि मी विचारलं. आठ वर्षांत मी त्यांना विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

"सर, उत्तर आलंच नाही तर?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं सटाण्याचं पत्र आल्यावर बघायचे.

"तर वाट बघायची."

"तुम्ही किती बघणार?" हे तोंडातून निघून गेलं आणि माझी मलाच भीती वाटली.

सर हसले. "बरोबर. मग तुम्ही बघा. प्रश्न असला की द्या. कौतुक असलं तर 'आणखी गा'. तुम्हाला येतं ते सगळं."

सर गेले ते सकाळी अकराच्या सुमाराला, टपाल यायच्या आधी. पुतण्यासाहेब आले, कॉलनीतले आले. बाराला पोस्टमनदादा आले, दारातल्या चपला बघून समजले, आणि हातातलं पत्र कोणाला द्यावं त्यांना कळेना. मी पुढे होऊन घेतलं. इंदूरचं होतं. सगळं आटोपून घरी गेले, दिवस मावळायच्या आत कार्ड लिहिलं. उत्तर त्याच दिवशी. वर कोपऱ्यात काय लिहावं ते सुचेना. शेवटी लिहिलं, 'आज भाजी केली नाही.' खाली, 'सर सकाळी गेले. तुमचा प्रश्न पोचला. अंतरा वेगळा पाठवते.'

दुसऱ्या दिवशी पाठवला.

जागा रिकामी करताना साहेबांनी तंबोरे कॉलेजला दिले, पुस्तकं वाचनालयाला. पेटी उघडून बघितली आणि म्हणाले, "मावशी, हे मी काय करू? रद्दीत घालवत नाही. तुम्ही नेता का?" मी मान हलवली. मग आठवलं आणि तोंडाने म्हटलं, "नेते." दादांनी पोस्टात सांगून सरांच्या नावाची पत्रं माझ्या पत्त्यावर आणायला सुरुवात केली.

मालक म्हणाले, "आता ते गेलं. तू अजून त्या पेटीपुढं बसतीस? लोक म्हणतील, बाईला याड लागलं."

मी म्हटलं, "म्हणू दे."

मालकांनी माझ्याकडे दोनदा बघितलं. मी उलटून बोलल्याची त्यांना सवय नव्हती.

पावसाळा संपला तेव्हा साहेब बुवांना घेऊन माझ्या खोलीवर आले. मी घाबरले. घरात एकच खुर्ची. बुवा तिच्यावर बसले, साहेब कॉटवर. बुवा सरांच्या सगळ्या बंदिशींचं पुस्तक काढणार होते. स्थाया त्यांनी शिष्यांकडून जमवल्या होत्या. आता पेटीतले अंतरे हवे होते.

"मावशी," साहेब म्हणाले, "पुस्तक झालं तर काकांचं नाव राहील. नाहीतर हे सगळं तुमच्या कॉटखाली कसर लागून संपेल. द्या त्यांना."

हे खरं होतं. मी पेटी बाहेर ओढली. बुवा पुढे वाकले. आणि मी पेटीवर बसले. ठरवून नाही बसले, दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

"हे काय?" बुवा म्हणाले.

"उत्तर आलेलं नाही," मी म्हटलं.

"कोणाचं?"

"ज्यांची पाकिटं आहेत त्यांचं. उत्तर आल्याशिवाय अंतरा देत नाहीत."

बुवा साहेबांकडे बघून हसले. "अहो बाई, द्यायचं नाही म्हणणारे सर गेले."

"मला सांगून गेले."

"शिक्षण किती तुमचं?"

"चौथी."

"आणि पत्र वाचून तुम्ही ठरवणार, कोणाला अंतरा कळेल ते?"

मी पेटीवर बसूनच बोलले. "मी काही ठरवत नाही. पत्रात प्रश्न आहे का, एवढंच बघायचं असतं. तेवढं चौथीत शिकवतात."

साहेबांना हसू आलं, त्यांनी ते खोकल्यात लपवलं. बुवा हसले नाहीत. वेगळ्याच आवाजात म्हणाले, "माझं आहे त्यात?"

"आहे."

"दाखवा."

मी उठून पाकीट काढलं आणि दोन्ही हातांत धरून दाखवलं. पिवळं पडलेलं. वर त्यांच्या होस्टेलचा पत्ता, सरांच्या चांगल्या दिवसांतलं अक्षर. जुनं तिकीट. बुवा बघत राहिले.

"तोंड उघडंच आहे की," ते म्हणाले. "नुसतं बघितलं तर काय होतं?"

"मीसुद्धा बघितलेलं नाही," मी म्हटलं, आणि पाकीट आत ठेवलं. "तुम्ही पत्र लिहा."

"मी? तीस वर्षांनी? आणि कोणाला, तुम्हाला?"

"पत्ता पोस्टमनदादांना माहीत आहे."

बुवा उठले. चहा ठेवला होता तो घेतला नाही. मी दारात म्हटलं, "पुस्तकात नुसत्या स्थाया छापा. खाली अर्धं पान कोरं ठेवा. ज्याला अंतरा हवा तो लिहील." ते जिन्यावरूनच म्हणाले, "लोक हसतील बाई. अर्ध्या गाण्यांचं पुस्तक!"

साहेब थोडा वेळ थांबले. म्हणाले, "मावशी, तुम्ही मला आज तोंडघशी पाडलं." मग चहा पिऊन गेले. जाताना पेटी परत कॉटखाली सरकवायला त्यांनीच हात लावला.

पुस्तक थांबलं. सटाण्याहून पत्र आलं, 'बाई, असं ऐकलं की पुस्तक होत नाही. खरं का?' मी तिला खरं ते कळवलं, आणि त्या रात्री जेवले नाही. माझ्यासारख्या बाईमुळे सरांचं पुस्तक अडलं होतं. पेटी बुवांच्या दारात नेऊन ठेवावी असंही मनात आलं. सकाळी उठले आणि ठरवलं, नाही. पुस्तकासाठी सरांनी मला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते पत्रांचं. मी सगळ्यांना एकेक कार्ड लिहायला घेतलं. 'तुमचा अंतरा माझ्यापाशी आहे. स्थायी गाऊन बघा आणि काय विचारायचं ते विचारा.' पोळ्यांची कामं आटोपून रोज दोन कार्डं. वर भाजी. काही परत आली, माणसं गेलेली होती. ती पाकिटं मी वेगळी ठेवली आहेत. काहींनी 'वा वा' लिहिलं, त्यांना 'आणखी गा' पाठवलं. अकरा जणांनी प्रश्न विचारले. अकरा अंतरे गेले.

बुवांना मी कार्ड लिहिलं नाही. त्यांना मी तोंडाने सांगितलं होतं.

मागच्या सोमवारी दादांनी बाहेरूनच हाक मारली. "बाई, आज तुमच्याकडे मोठं माणूस आलंय!" जाड पाकीट होतं. आत एकच कागद. वर उजव्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'आज घेवडा.'

मी खाली बसले आणि वाचलं. निम्म्या पानात सरांचं काही नव्हतं, बुवांचं स्वतःचंच होतं, होस्टेलचं, आळसाचं, मग लाजेचं. उत्तराला एक महिना उशीर झाला, मग एक वर्ष, मग लिहायला तोंडच राहिलं नाही. ते मला नीट कळलं. गप्प राहिलं की पुढचा दिवस आणखी गप्प होतो. शेवटी लिहिलं होतं:

'पाऊल या शब्दानंतरच्या चार मात्रा मी तीस वर्षं तानेने भरत आलो. टाळ्या तिथेच पडतात. तुमच्याकडून आल्यावर घरी पहिल्यांदा त्या मोकळ्या सोडल्या. मला भीती वाटली. सर, तिथे आपण कोणाची वाट बघत असतो?'

मी तीन वेळा वाचलं. प्रश्न होता. सरांनाच विचारला होता, तेही बरोबर होतं. त्याखाली माझ्यासाठी वेगळी ओळ होती, पुस्तक नुसत्या स्थायांचं निघेल, खाली अर्धं पान कोरं.

उत्तर त्याच दिवशी. मी पाकीट काढलं. जुन्या तिकिटावर आता काही जात नाही, म्हणून शेजारी नवीन लावलं. होस्टेलचा पत्ता खोडावासा वाटेना. त्याच्या खाली नवा पत्ता लिहिला, माझ्या गोल अक्षरात. पाकिटाचा डिंक केव्हाच वाळून गेला होता. तोंड माझ्यासमोर उघडं होतं आणि आतल्या कागदाची कड दिसत होती. घरात कोणी नव्हतं. मी बघितलं नाही. पण मलाही तो अंतरा हवा होता, हे मला त्या वेळी कळलं. रोज भांडी घासताना मी ती स्थायी मनात म्हणते आणि 'पाऊल' पाशी थांबते.

मग मी एक लहान चिठ्ठी लिहिली आणि आत सरकवली.

'आज कुळीथ. तुमचं पत्र पोचलं. अंतरा सोबत आहे. मी तो वाचलेला नाही. रोज स्थायी म्हणते. मला एक विचारायचं आहे. त्या पायरीवर जे कोणी येतं, ते घरातलं असतं की परकं?'

भाताचं शीत लावून पाकीट चिकटवलं आणि स्वतः जाऊन डब्यात टाकलं.